पूजेला शेजारी कोण बसणार?

'अशी ही बनवाबनवी' आमच्या वसमत तालुक्यात ज्याला त्याला तोंडपाठ. सचिन पिळगावकरांचा हा 1988 चा चित्रपट. भाड्याने खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे साड्या नेसून उरलेल्या दोघांच्या बायका होतात आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर फसतात. लहानपणी मी त्यावर पोट धरून हसायचो. आपल्याला मुलगेच आवडतात हे उमगलं, तेव्हा मात्र एक गोष्ट सलायला लागली. दोन पुरुषांचा संसार पडद्यावर दिसायचा तो सोंग म्हणूनच. साड्या उतरल्या की ज्याला त्याला आपापली मुलगी मिळायची. मला तसं काही मिळणार नव्हतं.

पुढे मला स्थळं येऊ लागली. कळमनुरी, औंढा, सेनगाव, सगळीकडून बायोडेटा यायचे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासारख्यांच्या प्रेमावरचा कलम 377 चा गुन्ह्याचा शिक्का पुसला होता, पण बैठकीत पोह्यांच्या बशा पुढे आल्या की तो निकाल मला ओठांवर आणता येत नसे.

2022 साली हर्षवर्धन कुलकर्णींचा 'बधाई दो' हा चित्रपट आला. राजकुमार रावचा शार्दूल पोलिसात, भूमी पेडणेकरची सुमन पीटीची शिक्षिका. त्याला पुरुष आवडतात, तिला स्त्रिया. घरच्यांचा तगादा संपावा म्हणून दोघं एकमेकांशी लग्न करतात. मग नातेवाइकांची ये-जा, मूल कधी होणार ही विचारणा, थापांवर थापा आणि नुसती पळापळ. बनवाबनवी इथेही आहेच, पण उलटी. नवरा-बायको हेच सोंग आणि लपवलेलं प्रेम खरं.

हळद शिजवून वाळवण्याचे दिवस होते. रात्री ओसरीवर मी आणि वहिनी गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होतो. पुढ्यात तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर हाच चित्रपट लावला होता. वहिनी मनापासून हसत होती, आणि विशेष म्हणजे त्या दोघांना नाही, तर त्यांच्यामागे लागलेल्या नातेवाइकांना हसत होती. शेवटी दत्तक बाळाची पूजा येते. शार्दूल आपल्या जोडीदाराला बोलावून शेजारी बसवतो. तेव्हा वहिनीचे पिवळे हात थांबले.

"भाऊजी, आपल्या घरच्या पूजेला तुमच्या शेजारी कोण बसंल?"

मी नाव सांगितलं. नांदेडला असतो म्हणालो.

"मग दिवाळीला आणा की घरी."

दादाला ते पचायला वेळ लागला. आईला अजून पुरतं पटलेलं नाही, पण तिने स्थळं बघणं थांबवलं. लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानेही आम्हाला दिला नाही. तरी माझ्या घरात हा विषय निघाला तो एका विनोदी चित्रपटामुळे. रडक्या शेवटाची गोष्ट असती तर वहिनीने माझी कीव केली असती. हसताना तिला माझी अडचण कळली आणि पुढचं विचारायचं धाडसही आलं.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाने 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळवला. गावातल्या दोन पुरुषांचं प्रेम मराठीत किती हळुवारपणे सांगता येतं, हे त्याने दाखवलं. आता मला मराठीत धमाल हवी आहे. मांडव आमच्या वसमतचा असावा, मामा रुसलेले असावेत, वरात भलत्याच दारी जावी आणि अख्ख्या गोंधळातून दोन नवरदेव हसत बाहेर पडावेत. तो चित्रपट मी घरच्या सगळ्यांना घेऊन बघणार आहे, आईलासुद्धा.