कापलेली साडेतीन मिनिटं

परीक्षकांनी हात वर केला की थांबायचं, मग तुम्ही कुठेही असा. मुलांना हे आधीच बजावलेलं असतं. चर्चच्या तळघरातली खोली, लांब टेबलामागे तीन परीक्षक, एक जुना पियानो. बाहेरच्या अरुंद बोळात आम्ही आईबाप, मांडीवर कोट घेऊन, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे.

शिकागोजवळच्या आमच्या गावात शाळकरी मुलांचा एक वाद्यवृंद आहे, त्याची ही दरवर्षीची कन्चेर्टो स्पर्धा. (ऑर्केस्ट्रा म्हटलं की मला अजून गणपतीतला, किशोरकुमारच्या आवाजात गाणाऱ्यांचा ऑर्केस्ट्राच आठवतो, म्हणून वाद्यवृंद.) कन्चेर्टोत एक वादक पुढे, साठ-सत्तर जण मागे, आणि त्यांची आपसांत चाललेली बोलाचाली. स्पर्धेत मात्र मागचे साठ-सत्तर नसतातच. त्यांचं सगळं काम एक पियानो करतो. खरा वाद्यवृंद जिंकणाऱ्यालाच, तोही मार्चच्या कार्यक्रमात. म्हणजे पोरं महिनोन्‌महिने अर्ध्याच रचनेचा रियाज करतात आणि उरलेली अर्धी बक्षीस म्हणून एकाच्या पदरात पडते. पहिल्या वर्षी मला हे फार विचित्र वाटलं होतं. अजूनही वाटतं.

त्यात वेळेची कापाकापी. वाद्यवृंद एकटा वाजतो त्या जागा सरळ गाळतात, कारण परीक्षकांना मूल ऐकायचं असतं, पियानो नव्हे. माझ्या लेकीने सँ-साँसचा 1872 सालचा चेलो कन्चेर्टो निवडला होता. त्यात सुरुवातीला कापायला काही नाहीच. वाद्यवृंदाचा एकच ठोका, की चेलो सुटला. आमच्या पोरीला धीर कमी, तिला ते मानवतं. तिच्या आधीचा मुलगा द्वोर्झाक वाजवत होता. न्यूयॉर्कला असताना, 1894-95च्या हिवाळ्यात द्वोर्झाकने हा कन्चेर्टो लिहिला, आणि त्यात चेलो येण्याआधी वाद्यवृंद जवळजवळ साडेतीन मिनिटं एकटा बोलतो. दार किलकिलं होतं. पियानोने शेवटचे दोन बार वाजवले आणि पोरगा आत शिरला. पानात वरणभात न वाढता थेट जिलबी.

पियानोवरच्या बाई सत्तरीच्या असाव्यात. सकाळपासून अकरा मुलं झाली होती, म्हणजे त्यांनी अकरा वाद्यवृंद वाजवले होते. मी कॉलेजात असताना तबला वाजवायचो, त्यामुळे माझं लक्ष त्यांच्याकडेच. एकल तबल्याला लेहरा धरणाऱ्याचं नाव पत्रिकेत बारीक टायपात असतं, पण तो ढळला की वाजवणारा संपला. लेकीच्या वादनात मधे एका जागी दोन मात्रा गळाल्या. पाठ होतं, पण हात पुढे पळाले. बाईंनी मान वर न करता त्याच क्षणी दोन मात्रा सोडल्या आणि पुढच्या बारला तिला गाठलं. लेकीला ते घरी येईपर्यंत कळलंही नव्हतं. सत्तर माणसांना अशी उडी मारता आली नसती.

सत्तर माणसं एका जागी आणणं हे काय काम आहे, ते मेहली मेहतांना विचारायला हवं होतं. त्यांनी 1935 मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी उभी केली, आणि पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झाल्यावर 1964 मध्ये तिथे तरुण वादकांसाठी वाद्यवृंद काढला. झुबिन मेहतांचे वडील अशी त्यांची ओळख करून द्यावी लागते, हे मला जरा खटकतं.

द्वोर्झाकवाला जिंकला. लेक म्हणाली, ‘‘बरा वाजवतो तो,’’ आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

पण हरलेल्यांनी घरी बसायचं नसतं. वाद्यवृंद त्यांचाच. मार्चमध्ये जिंकणाऱ्याच्या मागे तेच वाजवतात. लेक चेलोंच्या दुसऱ्या रांगेत होती. तो मुलगा नवा काळा सूट घालून आला, चेलोचा दांडा लाकडात रोवला, गज मांडीवर ठेवला आणि बसला. क्लॅरिनेट सुरू झाले. मग हळूहळू सगळे. इतके महिने त्याने ही वाट बघण्याची जागा वाजवलीच नव्हती, वाद्यवृंदाबरोबर तालमी अवघ्या दोन झालेल्या. करायला काही नाही, आणि सभागृहातले सगळे डोळे त्याच्यावर. त्याने तळवा पँटला पुसला. परत पुसला. हॉर्नवर ती दुसरी, संथ सुरावट आली, जी तळघरातल्या पियानोवर कुणालाच ऐकायला मिळाली नव्हती. ती संपता संपता त्याने किंचित वळून चेलोंकडे पाहिलं.

गाडीत मी लेकीला विचारलं, ‘‘तो मागे वळून काय बघत होता गं?’’

‘‘अजून आहे ना, असं विचारत होता.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, मी मान हलवली.’’