नाकाच्या शेंड्यावरचं तेल

मे महिन्यात भर दुपारी मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहून जरा आजूबाजूला बघावं. सगळ्यांची कपाळं लकाकत असतात. तैलग्रंथींची दाटी कपाळ, नाक नि हनुवटीवर जास्त, म्हणून गाल कोरडे आणि नाक मात्र नुकतंच कढईतून काढल्यासारखं.

स्वयंपाकघराकडे यावर जुना इलाज आहे. वाटीत दोन चमचे मुलतानी माती घ्यावी, वर गुलाबपाणी सोडावं. माती ते घटाघट पिते, बारीक बुडबुडे सुटतात, ढेकळं आपोआप विरतात. लेप लावल्यावर आधी नुसता गारवा. मग कडेकडेने रंग फिका पडतो, कातडी ओढली जाते, आणि कुणी काही विचारलं तर ओठ न हलवता ‘हं’ एवढंच म्हणता येतं. तडे जाईपर्यंत थांबू नये; किंचित ओल असतानाच धुवावं. पूर्वी लोकरीतला चिकटपणा काढायला अशाच मातीचा वापर होई, तिथे आपल्या नाकाची काय कथा! माझं मत विचाराल तर डाळीचं पीठ आणि ताक त्याहून बरं. डब्यात उरलेल्या पिठाचं निदान पिठलं तरी होतं.

लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळणाऱ्यांना मात्र लांबूनच नमस्कार. तो रस लावून उन्हात गेलं की काळे डाग पडतात, कधी फोडही येतात.

अभ्यंगाची रीत मला म्हणूनच शहाणी वाटते. आधी अंगाला तेल चोळायचं, मग नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळदीच्या उटण्याने जास्तीचं तेवढं काढायचं. तेलाशी वैर नाहीच. ते त्वचेची ओल राखतं. दिवसातून चारचारदा साबण लावला तर चेहरा चुरचुरतो, आणि ग्रंथी चालतात संप्रेरकांच्या हुकमावर. वरच्या मातीला त्या काय भीक घालणार! दोनदा धुवावं, मधे सुती रुमालाने टिपून घ्यावं. संध्याकाळपर्यंत निभावतं, आणि दहा-वीस रुपयांच्या पुडीकडून आणखी काय हवं?

पुढे पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे तेल आटत जातं. आमच्याकडे सध्या भाची मातीची वाटी घेऊन बसते आणि आई सायीची. आरसा एकच, त्यामुळे भांडण ठरलेलं.