आधी महिना, मग पेशवाई

पेशवाई थाटाचं लग्न ठरलं की नऊवारी, पगड्या, नथ, चौघडा यांची चौकशी बारकाईनं होते. फुलांपाशी आलं की मात्र जर्बेरा आणि ऑर्किड बिनदिक्कत मांडवात शिरतात. फुलांची सजावट करणारी म्हणून माझं म्हणणं असं, की काळ पाहण्याआधी महिना पाहावा. पेशव्यांच्या पुण्यात ना शीतगृह होतं, ना विमानानं येणारा माल; पहाटे तोडलेलं फूल जिथवर ताजं पोचेल तेवढाच त्याचा पल्ला. त्यामुळे अवेळी फुललेलं फूल कितीही देशी असलं तरी तिथे उपरंच ठरतं. सवाई माधवरावांचं लग्न फेब्रुवारी 1783 मधलं. त्या दिवसांत मोगऱ्याचा बहर अजून लांब असतो. तसं लग्न आज मांडायचं तर शेवंती, झेंडू, अबोली, देशी गुलाब आणि खुशाल आंब्याचा मोहोरसुद्धा घ्यावा. मोगरा, बकुळ चैत्र-वैशाखातल्या लग्नांना. जाई-जुईचा भर ऐन पावसाळ्यात, म्हणजे चातुर्मासात, जेव्हा लग्नाचे मुहूर्तच नसतात. जुईचा आग्रह धरणाऱ्यांना मी आधी तारीख विचारते.

यावर हटकून येणारा आक्षेप असा, की झेंडू तरी आपला कुठे, तो मेक्सिकोचा. खरं आहे, पण पोर्तुगीज आल्यानंतर तो इथे रुजला आणि पेशवाई अवतरेपर्यंत मुरला. फुलाचं जन्मगाव नव्हे, ते इथे कधी पोचलं हे पाहायचं. बोगनवेल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, म्हणून ती बाद. लांब दांड्याच्या गुलाबांचं कूळ ज्या ‘हायब्रिड टी’ वर्गातलं, त्यातला पहिला मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ 1867 चा. तेव्हा शनिवारवाड्यावरचा भगवा उतरून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही फुलं टिकत नाहीत. फुलदाणीत नाहीच टिकत, कारण ती फुलदाणीची नव्हेतच. फुलं खोचायचा हिरवा स्पंज 1954 चा शोध. त्याआधी आपल्याकडे फूल ओवलं जाई, गुंफलं जाई. गजरा, वेणी, मुंडावळ्या, तोरण, फुलांची जाळी यांत लहान दांड्याचं फूल शोभतं आणि भरगच्चही दिसतं. बाकीचा डौल केळीचे खुंट आणि आंब्याच्या डहाळ्या सांभाळतात. टिकण्याचा उरलेला हिशेब मुहूर्तावर सोडावा. मोगऱ्याची कळी सकाळी तोडली की संध्याकाळी उमलते, म्हणून गोरज मुहूर्ताला तिच्यासारखी दुसरी नाही. सकाळच्या मुहूर्ताला आदल्या दिवशीचा मोगरा पिवळा पडलेला असतो. तिथे त्याच पहाटेच्या मिटल्या कळ्या ओवाव्यात आणि सुगंधासाठी बकुळीची माळ घ्यावी, ती सुकली तरी दरवळते. सोनचाफा हाताळला की डागळतो. तो मांडवात न टांगता वधूच्या वेणीत, अगदी शेवटी माळावा.