पसंतीक्रम लिहिण्यापूर्वी

देवपूर, धुळे

चि. ताईस,

तू धाडलेल्या यादीत जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आमच्या देवपुरातील शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचे महाविद्यालय आणि जळगावच्याच विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था ही नावे पाहून समाधान वाटले. परंतु यांपैकी एकाचाही उंबरठा तू अद्यापि ओलांडलेला नाहीस, हे वाचून मन अस्वस्थ झाले. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती स्वीकारणे भाग पडते व पुढील फेऱ्यांचा मार्ग खुंटतो. तेव्हा न पाहिलेल्या स्थळाचे नाव अग्रभागी लिहिणे मला धोक्याचे वाटते.

1945 च्या सुमारास जळगावी मूळजी जेठा आणि अमळनेरास प्रताप महाविद्यालय निघेपर्यंत खानदेशातील मुलांना पदवीसाठी नाशिक, पुणे वा मुंबई गाठावी लागे, आणि पाहून निवडण्याची सवड त्यांतल्या फारच थोड्यांना होती. ती तुला लाभली आहे, तिचा उपयोग कर.

जायचे ते समारंभाच्या दिवशी नव्हे, प्रात्यक्षिके चालू असतील अशा साध्या दिवशी. प्रयोगशाळेच्या दाराशी घटकाभर उभी राहिलीस, तरी यंत्रांवर विद्यार्थ्यांचे हात फिरतात की ती तपासणी समितीपुरती पुसून ठेवलेली आहेत, हे उमजेल. ग्रंथालयात तुझ्या विषयाची चार पुस्तके काढून, आत तारखांची चिठ्ठी डकवलेली असल्यास तिच्यावरचे शिक्के वाच. ते दाट व ताजे असतील, तर तेथे वाचणारी मुले आहेत आणि वाचावयास लावणारे शिक्षकही आहेत, असे मी खुशाल मानीन. माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांपेक्षा या पुराव्यावर माझा अधिक भरवसा आहे.

1990 साली सुरू झालेल्या विद्यापीठाचा परिसर गिरणेकाठी, शहराबाहेर व विस्तीर्ण आहे; तेथे वसतिगृह हाच अर्धा संसार. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून, रात्री ग्रंथालयातून परतताना वाटेवर दिवे असतात काय, आणि वर्गात न समजलेले पुन्हा विचारले असता प्राध्यापक त्रासतात काय, एवढे दोन प्रश्न अवश्य विचार. शिक्षणशुल्क, वसतिगृह, मेस व अनामत यांचा तपशील कचेरीतून लेखी घ्यावा. तोंडी आकड्यांवर दाजींनी कर्जाची तजवीज करू नये.

धुळ्यास येशील तेव्हा मुक्कामाच्या तयारीनेच ये. सायंकाळी राजवाडे संशोधन मंडळ दाखवीन. यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलीनेही तेथील जुनी दफ्तरे एकदा पाहावीत, असा माझा आग्रह आहे. अक्कालाही सोबत आण. वसतिगृहाचे स्वयंपाकघर तिच्या नजरेखालून गेलेले बरे.

तुझा,
मामा