आठवणींची चित्रं

चित्रकलेच्या तासाला तुम्ही काय काढता? डोंगर, झोपडी, नदी? चला, आज जपानमधल्या हिरोशिमाला जाऊ.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला या शहरावर अणुबॉम्ब पडला. त्यातून वाचलेल्या माणसांच्या आठवणी इथल्या मोतोमाची हायस्कूलची मुलं २००७ पासून तैलरंगात रंगवतात. एकेका चित्राला कित्येक महिने लागतात, बरं का! मुलं त्या आजी-आजोबांना पुन्हा पुन्हा भेटतात, खोदून खोदून विचारतात. आभाळाचा रंग कसा होता? अंगावर कुठले कपडे होते? आजोबांनी चूक दाखवली, की पुन्हा कुंचला हाती! पूर्ण झालेली चित्रं शहरातल्या शांतता स्मारक संग्रहालयात जपली जातात.

सांगणारे आता ऐंशी-नव्वदीचे आहेत. ऐकायला उशीर करून कसं चालेल? तुम्हीही आजीला तिची एखादी आठवण विचारा आणि काढा पाहू चित्र!