श्रीवर्धनची वाडी

मुरुडजवळच्या आगरदांड्याहून तरीनें दिघीस उतरावें आणि दिवेआगर, शेखाडी, आरावी अशा समुद्रालगतच्या सडकेनें श्रीवर्धन गांठावें. सिद्दीच्या जाचामुळें याच गांवचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून गेले व सन १७१३ मध्यें पेशवे झाले. बिकट काळीं गांव सोडणाऱ्याचा इतिहास लिहिला जातो. मागें राहणाऱ्याचा सहसा लिहिला जात नाहीं. तो वाचावयाचा तर येथील एखाद्या वाडींत शिरावें.

सन २०२० च्या मार्चअखेर महामारीमुळें देशभर टाळेबंदी झाली. मुलें मुंबईंत अडकलीं आणि येथल्या ऐसपैस घरांत कित्येक ठिकाणीं वृद्ध पतिपत्नीच उरलीं. अशांत ३ जून रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. कौलें उडालीं, विजेचे खांब आडवे झाले, आणि नांवाजलेल्या श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. जेथें भर दुपारीं ऊन उतरत नसे, तेथें उघडें आभाळ दिसूं लागलें. धीर देण्यास मुलगा येऊं शकेना आणि फोनही लागेना.

पोफळ लावल्यावर फळ धरण्यास पांच ते सात वर्षें लागतात. सत्तरी गांठलेल्या मनुष्यानें ती कोणासाठीं लावावी? शिवाय कोंवळ्या रोपास कडक ऊन सोसत नाहीं. पूर्वीं तें मोठ्या झाडांच्या आडोशानें वाढे. आतां आडोसाच नाहींसा झाला होता. तेव्हां आधीं केळी लावावयाच्या, त्यांच्या छायेंत पोफळ जगवावयाची, आणि उन्हाळाभर शिंपणें चुकवावयाचें नाहीं, असा नवा क्रम धरावा लागला. कोणीं प्रवाशांसाठीं घरांतील खोल्या सिद्ध केल्या. त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. काळ पालटला म्हणजे चरितार्थही पालटावा लागतो.

संस्कृतांत ‘एकान्त’ या शब्दाचा एक अर्थ निर्जन स्थळ, तर दुसरा अढळ निश्चय असा आहे. हे दोन अर्थ एकाच शब्दांत कां नांदतात, तें या वाड्यांत आम्हांस उमगलें. ज्याच्या हातीं उद्यांचें एखादें काम आहे, त्याचें रिकामें घर त्यास खावयास उठत नाहीं. परंतु निश्चय झाला तरी त्यास छाया हवी. ती घरच्या माणसांनींच द्यावयाची असते.

वादळानंतर लावलेल्या पोफळी आतां फळास येण्याच्या वयांत आहेत. वाचकहो, आंब्यांच्या दिवसांत आपण कोंकणांत जातांच. यंदा आषाढांत, रोपें लावण्याच्या वेळीं, मुलांनातवंडांसह चार दिवस जाऊन या.