न उचललेलं कर्ज

घाटंजी तालुक्यात वसुली म्हटलं की पीककर्ज आठवतं. कापसाचा मुलूख हा; सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज, थकबाकीची नोटीस हे शब्द इथे पोराटोरांनाही पाठ. पण त्या कर्जात निदान एक गोष्ट स्वच्छ असते. आपण अर्ज केलेला असतो, सही नाहीतर अंगठा दिलेला असतो आणि पैसे कशाला उचलले ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मोठ्या आईला आलेलं वसुलीचं पत्र त्या जातीचं नव्हतं. ‘अतिप्रदान झालेली रक्कम’ शासनजमा करावी, असं त्यात होतं. मोठे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं आणि ते काही वर्षं हक्कापेक्षा जास्त येत राहिलं.

हे होतं कसं, तर कर्मचारी निवृत्तीनंतर वारला की पत्नीला आधी वाढीव दराने पेन्शन मिळते. सात वर्षं, किंवा तो हयात असता तर ठरावीक वयाला पोचेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. पुढे ती शेवटच्या पगाराच्या तीस टक्क्यांवर येते. ही तारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरच लिहिलेली असते. त्या तारखेला रक्कम उतरवायची ज्या टेबलाची जबाबदारी, तिथे ते राहून गेलं. कुणाची बदली झाली असेल, कुणाकडे अतिरिक्त कार्यभार असेल. पत्रात याबद्दल अवाक्षर नाही. मोठ्या आईचं नाव मात्र ठिकठिकाणी.

“दर महिन्याला जास्त येत होते, तर तुम्हाला कळलं नाही का?” असं एका बाबूने तिला विचारलं. प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण पेन्शनीचं पासबुक कधी वाचून पाहा. महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढायचा, तोही उशिरा आणि मागच्या फरकासकट जमा व्हायचा. २०१९ मध्ये राज्यात सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा तर सगळेच आकडे हलले. या चढणीत एक आकडा खाली यायला हवा होता आणि तो आला नाही, हे चौथी शिकलेल्या बाईने कुठून ओळखावं? ज्यांच्या हाताशी मूळ आदेश, संगणक आणि वर्षाचं लेखापरीक्षण आहे, त्यांनाही उमगायला वर्षं लागलीच की.

ती मात्र असा वाद घालणारी नाही. “आपला नाई तो पैसा, देऊन टाक,” एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, “लोक म्हणतीन, मास्तरच्या बायकोनं सरकारचा पैसा खाल्ला.” पैशापेक्षा हे तिला जास्त लागलं होतं. पैसा तर केव्हाच गेला होता: औषधं, नातवाची फी, पुतणीच्या लग्नातला आहेर, घरावरचे नवे टिन. गरिबाघरी जादा पैसा शिल्लक म्हणून पडून राहत नाही.

कायदा काय म्हणतो ते मी पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं आहे की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून, किंवा जादा रक्कम पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल तर, अशी वसुली करता येणार नाही. २०२२ मध्ये केरळच्या एका निवृत्त मुख्याध्यापकाला याच न्यायाने दिलासा मिळाला. ते निवृत्त झाले होते १९९९ मध्ये. आपल्या नागपूर खंडपीठापुढे २०२० मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. महिन्याला ८७२ रुपयांची चूक, २००७ पासूनची. बँकेने वसुली काढली साडेतीन लाखांच्या वर. पेन्शन किती हे ठरवायचा अधिकार बँकेला नाही, असं सांगून न्यायालयाने ती वसुली रद्द केली आणि मनस्तापापोटी ५० हजार रुपये वेगळे द्यायला लावले.

हे वाचून हुरूप येतो, पण सबुरीने घ्यावं. २०१६ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जादा पैसे परत करीन असं ज्याने आधी लिहून दिलं, तो त्याला बांधील. आणि असं लिहून घेतल्याशिवाय पेन्शनचं पान आपल्याकडे हलत नाही. शिवाय या सवलतीला न्यायालयं हक्क म्हणत नाहीत. उतारवयात हाल होऊ नयेत म्हणून दाखवलेला कनवाळूपणा, असं तिचं स्वरूप. मला हे अर्धंच पटतं. कनवाळूपणा कुणी मागितला होता? चूक तुझी नव्हती, एवढं एक वाक्य कार्यालयाच्या शिक्क्याखाली मिळालं असतं, तर मोठी आई हप्ते हसत भरायला तयार होती. तेवढं वाक्य लिहायची मात्र कुणाची तयारी नाही, कारण ते लिहिलं की मग चूक कुणाची हा प्रश्न उरतो.

आम्ही महिनावार हिशेब मागितला. तो आला तेव्हा एका वर्षाचा भत्ता दोनदा धरलेला निघाला, म्हणजे वसुलीच्या कागदातही अतिप्रदानच! रक्कम थोडी घटली. वसुली माफ करण्याचा अर्ज दिला आहे, त्याचं उत्तर यायचं आहे. तोवर लहान हप्ता पेन्शनीतून कापला जातो. पूर्ण फिटायला किती वर्षं लागतील ते मी सांगितलं, तर म्हणाली, “तोवर मले ठेवते का देव, पाय.”

तुमच्या घरी कुणाची कुटुंब पेन्शन येत असेल, तर आज पीपीओ काढा, वाढीव दर कोणत्या तारखेला संपतो ते पाहा आणि पासबुकाशी ताडून घ्या. तारीख उलटून गेली असेल आणि रक्कम तीच असेल, तर आपणहून लेखी कळवा व पोच घ्या. आणि वसुलीचं पत्र येऊन पडलंच असेल, तर महिनावार हिशेब हातात येईपर्यंत संमतिपत्रावर म्हाताऱ्या माणसाची सही होऊ देऊ नका.